जाहीरनाम्यात न लिहिलेले

जिल्हा न्यायालयाच्या नाझरखान्यात कारकुनी करणाऱ्या माणसाला वस्तूंकडे पाहण्याची एक विशिष्ट, काहीशी रुक्ष, परंतु पुढील आयुष्यात अनपेक्षितपणे उपयोगी पडणारी दृष्टी लाभते. ऋणकोच्या दारी बेलिफ जाऊन आला, जप्ती झाली, पंचांच्या सह्या झाल्या आणि जंगम मालाची फेरिस्त दप्तरी दाखल झाली म्हणजे तिची स्वच्छ नक्कल करण्याचे काम माझ्याकडे येई. आणि त्या फेरिस्तीत, घर कितीही सधन असो आणि दागिना कितीही खणखणीत असो, सोन्याची पाटली कधीही सोन्याची म्हणून लिहिली जात नसे. ‘पिवळ्या धातूची पाटली, नग एक, वजन अमुक, कडेस चेपलेली’ एवढाच तपशील असे. सोने आहे की नाही हे सराफाने कसोटीवर घासून सांगावे, लिहिणाराने डोळ्यांस दिसले तेवढेच लिहावे, हा आमच्या वृद्ध नाझरसाहेबांचा दंडक होता, आणि नव्या कारकुनाने उत्साहाच्या भरात ‘उत्तम स्थितीतील शिसवी कपाट’ असे काही लिहिले तर ते ‘उत्तम’वर आणि ‘शिसवी’वर निळ्या पेन्सिलीने रेघ ओढून उरलेले कपाट परत पाठवीत.

या दंडकामागे केवळ एका वृद्धाचा विक्षिप्तपणा नव्हता. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिच्या एकविसाव्या आदेशातील सहासष्टावा नियम असे सांगतो की, विक्रीच्या जाहीरनाम्यात मालमत्ता कोणती, तिच्यावर सारा किती, बोजा कोणता, कोणत्या रकमेच्या वसुलीसाठी विक्री व्हावयाची, हे तर यावेच. परंतु त्या मालमत्तेचे स्वरूप आणि मोल यांचा अंदाज बांधण्यासाठी घेणाराला जी जी गोष्ट ठाऊक असणे न्यायालयास महत्त्वाचे वाटेल, तीही न्याय्य आणि अचूक रीतीने नमूद व्हावी. त्याच आदेशात पुढे डिक्रीदाराला न्यायालयाच्या स्पष्ट परवानगीवाचून स्वतः बोली बोलण्यास मनाई आहे, विक्री चालविणाऱ्या अंमलदाराला तर परवानगीचीही सोय नाही, आणि जाहीरनाम्यात अगर विक्रीत लबाडी होऊन कोणाचे भरीव नुकसान झाले तर स्थावराची विक्रीच रद्द करून मागण्याची तरतूद नव्वदाव्या नियमात आहे. दवंडी पिटणाऱ्या महाराच्या किंवा रामोशाच्या ढोलाबरोबर हर्राशी होत असत त्या काळच्या या कायद्याने मनुष्यस्वभावाचा केवढा अनुभव गाठीशी बांधला होता, हे मला नोकरीत असताना नव्हे, तर नोकरी संपल्यावर कळले.

कारकुनीच्या जोडीने नाण्यांचा छंद वाढत गेला होता; त्याच्या बळावर सेवानिवृत्तीनंतर मुंबईतील एका लिलावसंस्थेत मला काम मिळाले. संस्थेने आपली हर्रास संगणकावर आणली होती. ठिकठिकाणचे विक्रेते वस्तूंची छायाचित्रे आणि वर्णने पाठवीत, आणि ती प्रसिद्ध होण्यापूर्वी वाचून ‘मजकूर मान्य’, ‘मजकूर दुरुस्त व्हावा’ किंवा ‘वस्तू समक्ष दाखवावी’ यांपैकी एक शेरा मारणे हे माझे काम होते. तिसऱ्या शेऱ्यानंतर बहुतेक विक्रेते पुन्हा दिसत नसत. त्यांचे नाकारलेले वर्णन मात्र दुसऱ्या कोणत्यातरी संकेतस्थळावर, एका काना-मात्रेचाही फरक न होता, लवकरच झळकत असे. त्यामुळे स्वतःच्या दप्तराबाहेरचे वाचन वाढले, आणि या वाङ्मयप्रकाराचा, कारण तो एक वाङ्मयप्रकारच आहे, मला बराच व्यासंग घडला.

या व्यासंगातून पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, निखालस खोटे वाक्य लिहिणारा विक्रेता हा त्या धंद्यातील अगदी प्राथमिक इयत्तेतला मनुष्य होय. तसे उदाहरण म्हणून ‘ईस्ट इंडिया कंपनीचे प्राचीन नाणे’ या सदराखाली शेकड्यांनी येणारा माल घ्यावा. तांब्याचा अगर पितळेचा एक जाड तुकडा, एका बाजूस रामदरबार अथवा द्रोणागिरी उचललेला मारुती, दुसऱ्या बाजूस इंग्रजी अक्षरांत कंपनीचे नाव, ‘यूकेएल’ अशी काही गूढ अक्षरे, ‘अर्धा आणा’ किंवा ‘एक आणा’ असे मूल्य आणि सन १८१८, क्वचित १७१७, आणि विक्रेता विशेष धीट असल्यास १६१६. आता १६१६ साली कंपनीचा आणि इंग्लंडच्या राजाचा माणूस सर टॉमस रो हा जहांगीर बादशहाच्या दरबारात वखारींसाठी सवलतींची याचना करीत होता. हिंदुस्थानात आपल्या नावाचे इंग्रजी नाणे पाडण्याची गोष्ट त्याच्या स्वप्नातही आली नसेल. १८१८ साली पेशवाई बुडाली खरी, परंतु त्यानंतर कंपनीच्या अंमलदारांनी पुण्याची टांकसाळ काही काळ जुन्याच धर्तीचे रुपये पाडीत चालू ठेवली, कारण रयतेच्या हातातले चलन एका रात्रीत बदलण्याइतके ते अडाणी नव्हते. सर्व मुलखासाठी एकसारखे नाणे आले ते १८३५ साली, चौथ्या विल्यमच्या मुखवट्याचे. आणि ‘एक आणा’ या मूल्याचे स्वतंत्र नाणे, तेही तांब्याचे नव्हे, तर तांबे-निकेलच्या मिश्रणाचे आणि नागमोडी कडेचे, १९०७ साली, म्हणजे कंपनीचे राज्य संपून अर्धशतक होत आल्यावर प्रचारात आले. तेव्हा या तुकड्यावरची मिती खोटी, मूल्य खोटे आणि धनीही खोटा. तीर्थक्षेत्री भाविकांसाठी रामटंका नावाच्या मुद्रा होत असत, त्यांची परंपरा मात्र खरी आहे, आणि हा तुकडा त्या परंपरेच्या पडछायेत उभा राहून आपले पोट भरतो.

असे शेरे लिहून पाठवल्यावर एका विक्रेत्याने मला उलट टपाली कैफियत धाडली, ती आजही आठवते. कंपनीने नाण्यांवर हिंदू देवता कधी घातल्याच नाहीत असे आपण म्हणता, तर मद्रासचे होन आपण पाहिलेले दिसत नाहीत, असा तिचा मथितार्थ. मी तसे कोठेही म्हटले नव्हते. परंतु त्याची माहिती बिनचूक होती. मद्रास इलाख्यात कंपनीने विष्णुमूर्तीचे सुवर्णहोन पाडले, ते दक्षिणेत चांगले चालले, आणि आजही चोखंदळ संग्राहकाकडे ते असतात. हा मनुष्य अज्ञानी नव्हता. मद्रासच्या खऱ्या होनाचे ज्ञान त्याने रामदरबाराच्या खोट्या आण्याला टेकू म्हणून लावले होते, आणि घेणाराने अधिक चौकशी केलीच तर त्याला नेमके तेवढेच दाखवण्याची त्याची तयारी होती. अर्धे खरे ज्ञान बाळगणाऱ्याचा पाडाव करणे हे अडाण्याचा पाडाव करण्यापेक्षा किती कठीण आहे, याचा मी त्या दिवसापासून धसका घेतला.

याच तुकड्यांना पुढे एक अद्भुत गुण चिकटला. तांब्याच्या या नाण्यात ‘इरिडियम’ असून ते तांदळाचे दाणे आपल्याकडे ओढते, विजेचे आघात सोसलेले असल्याने त्यात दैवी अथवा आण्विक शक्ती आली आहे, आणि अमेरिकेची अवकाशसंस्था त्याला कोट्यवधी रुपये मोजण्यास तयार आहे, अशी ही कथा. इंग्रजीत तिला ‘राइस पुलर’ म्हणतात. तांदळात लोहकण मिसळले आणि तुकड्याखाली चुंबक दडवला म्हणजे प्रयोग सिद्ध होतो; एवढ्या भांडवलावर किती मोठा व्यवहार उभा राहतो हे पाहावयाचे तर २०१८ साली दिल्ली पोलिसांनी एका बाप-लेकाच्या जोडीला पकडले ते प्रकरण पाहावे. त्यांनी एका व्यापाऱ्याला जवळजवळ दीड कोट रुपयांना बुडविले होते. माझ्याकडे आलेल्या वर्णनांत या गुणाचा उल्लेख मुख्य मजकुरात कधीच नसे. छायाचित्रात मात्र नाण्याशेजारी, जणू सहज सांडल्यासारखे, चार-पाच तांदूळ ठेवलेले असत. ज्याला समजावयाचे त्याला समजावे, आणि उद्या जाबजबाब झाला तर आपण काही लिहिले नव्हते असे म्हणता यावे.

न लिहिण्याची ही कला सर्वत्र आहे. अमेरिकेत नवे खेळयंत्र बाजारात आले आणि दुकानांत मिळेनासे झाले म्हणजे लिलावात त्याच्या नुसत्या रिकाम्या खोक्याची बोली पूर्ण किमतीपर्यंत चढे, कारण ‘फक्त खोके’ हे दोन शब्द पानभर गुणवर्णनाच्या तळाशी असत. आणि याच्या अगदी उलट, पिएर ओमिद्यार याने १९९५ साली तेथे आपले लिलावाचे संकेतस्थळ काढले, त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू एक मोडका लेझर पॉइंटर होता. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. मोडका आहे हे ठाऊक आहे ना, असे विचारता, मी मोडकेच जमवतो, असे घेणाराने उत्तर दिले. आमच्या नाझरसाहेबांनी या व्यवहारावर डोळे मिटून सही केली असती. वस्तू विचित्र असणे हा दोष नव्हे.

परंतु न लिहिण्याच्या कलेचा परमोत्कर्ष म्हणून ज्या एका प्रकरणाचा दाखला मी नवशिक्यांना देत असे, ते कॅलिफोर्नियातील केनेथ वॉल्टन नावाच्या वकिलाचे. मे २००० मध्ये त्याने एक मोठे अमूर्त चित्र लिलावास काढले. चित्र कोणाचे हे त्याने लिहिले नाही. आपण एक साधा गृहस्थ आहोत, जुन्या सामानाच्या विक्रीत हे मिळाले, बायको घरात ठेवू देत नाही, मुलाच्या खेळण्यातल्या गाडीने त्याला भोकही पडले, असे घरगुती वर्णन केले. आणि कोपऱ्यात ‘आर डी ५२’ ही अक्षरे दिसतील असे छायाचित्र दिले. रिचर्ड डीबेनकॉर्न या ख्यातनाम चित्रकाराची सही जाणणाऱ्यांनी ती बरोबर हेरली, आणि एका भाबड्या माणसाच्या अज्ञानाचा लाभ आपण घेत आहोत या गोड समजुतीत बोली पंचवीस सेंटपासून १,३५,८०५ डॉलरपर्यंत नेली. मुळात बायकोही नव्हती आणि मूलही नव्हते. वॉल्टन आणि त्याचे साथीदार निरनिराळ्या नावांनी एकमेकांच्या मालावर बोल्या लावीत होते हे उघडकीस आले, विक्री रद्द झाली, खटला झाला, त्याने गुन्हा कबूल केला आणि वकिलीची सनद गेली. पुढे त्याने या सर्वांवर पुस्तकही लिहिले. विक्री करविणाराने स्वतःच बोली लावण्याची बंदी आमच्या संहितेत किती आधीपासून होती याचा मला येथे अभिमान वाटला असे म्हटले तर वाचक हसतील, पण वाटला खरा. मात्र या प्रकरणातील खरा बोध मला निराळाच दिसतो: येथे फसले ते अडाणी नव्हते, तर दुसऱ्याला अडाणी समजून त्याच्यावर मात करावयास निघालेले जाणकार होते.

आमच्याकडे बायकोच्या आणि मुलाच्या ठिकाणी आजोबांची ट्रंक असते, पडका वाडा असतो, किंवा नांगराच्या फाळाला लागलेला हंडा असतो. ‘मला यातले काही कळत नाही’ हे वाक्य तर ठरलेलेच. या शेतातल्या हंड्याची मला फार मौज वाटे. निखात निधीचा कायदा १८७८ सालचा आहे, आणि जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे द्रव्य सापडले तर त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे त्याने बंधनकारक केले आहे. म्हणजे हंड्याची कथा खोटी असेल तर विक्रेता घेणाराची फसवणूक करीत असतो, आणि खरी असेल तर सरकारची. त्यातच ‘परदेशी पाठवण्याची सोय आहे’ असे शेवटी असे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या पुरावशेष कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर धाडता येत नाही. तीन ओळींच्या वर्णनात तीन कायद्यांना तोंड द्यावे लागेल असा मजकूर मी नाझरखान्यातही वाचला नव्हता.

हे सर्व हसण्यावारी नेता येते. शिवाजी महाराजांच्या नाण्यांपाशी आले म्हणजे हसू थांबते. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि त्या सुमारास ‘श्री राजा शिव’ एका बाजूस व ‘छत्रपति’ दुसऱ्या बाजूस अशा अक्षरांची नाणी पडू लागली; तांब्याची शिवराई आणि सोन्याचा होन. होन आज अत्यंत दुर्मीळ आहे. शिवराई मात्र महाराजांच्या मागे दीडशे वर्षे, निरनिराळ्या टांकसाळींतून, त्याच नावाने पडत राहिली; उत्तर पेशवाईतील आणि इंग्रजी अमलाच्या प्रारंभीचीही अक्षरांच्या दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई आजही जुन्या बाजारात किरकोळ किमतीस मिळते. तिच्यावर महाराजांचे नाव आहे. म्हणून ‘शिवाजी महाराजांच्या नावाचे अस्सल ऐतिहासिक नाणे’ हे तिचे वर्णन अक्षरशः खरे आहे. खाली महाराजांचे अश्वारूढ चित्र आणि मागे भगवे निशाण ठेवले की घेणारा एकटाच पुढचे वाक्य मनात पुरे करतो, आणि वीसपट किंमत मोजतो. हे वर्णन मी अनेकदा परत केले आणि ‘काळ : अठराव्या शतकाची अखेर अथवा एकोणिसाव्याचा आरंभ’ एवढी ओळ घालावयास सांगितले. ती ओळ घालण्यास जो तयार झाला नाही, त्याला नाण्याचा काळ ठाऊक होता, हे त्याच्या नकारावरूनच सिद्ध होई.

साताऱ्याकडचे एक निवृत्त शिक्षक दुसऱ्या एका संकेतस्थळावरून घेतलेला होन दाखवण्यास आमच्या कचेरीत आले होते. रेशमी चिंधीत, अत्तराच्या डबीत ठेवलेला.

‘साहेब, सोनं आहे का तेवढं सांगा,’ ते म्हणाले. ‘महाराजांचं आहे का, ते मी विचारत नाही.’

होन तीन ग्रॅमहून किंचित हलका असावा. तो काट्यावर पाचाच्या पुढे गेला. कडेवर साच्याची शिवण, अक्षरांचे काठ मेणासारखे मऊ, पृष्ठावर सूक्ष्म बुडबुड्यांचे खळगे. ठसा मारलेल्या नाण्यावर हे येत नाही, ओतलेल्यावर येते. मी सांगितले की हे सोने नाही, मुलामा आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, ‘देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही ना?’

‘हरकत कसली, गुरुजी. विकायला मात्र काढू नका.’

‘विकायला घेतलं नव्हतंच,’ ते म्हणाले.

मी त्यांच्याजवळचा विक्रीचा मजकूर वाचावयास मागितला. त्यात ‘सोने’ हा शब्द नव्हता. ‘शिवकालीन शैलीचा होन, सुवर्णवर्णी, संग्राह्य, पूजनीय’ असे लिहिले होते. माझ्या जन्मभरच्या व्यवसायाची खूणगाठ असलेला संयम असा समोरच्या बाजूस उभा पाहून मी क्षणभर स्तब्ध झालो. कारण ‘पिवळ्या धातूची’ लिहिणारा कारकून आणि ‘सुवर्णवर्णी’ लिहिणारा भामटा हे दोघेही सोने म्हणण्याचे टाळतात, दोघांच्याही लेखनात एक अक्षर खोटे नसते, आणि तरीही एकाने जागा मोकळी सोडलेली असते ती सराफाने भरावी म्हणून, तर दुसऱ्याने सोडलेली असते ती गुरुजींनी भरावी म्हणून. कोणत्याही संकेतस्थळाच्या नियमावलीत हा भेद पकडणारे कलम मला आढळले नाही. ते दिवाणी संहितेच्या सहासष्टाव्या नियमात आहे: घेणाराला काय ठाऊक असणे महत्त्वाचे, हा प्रश्न तेथे लिहिणाराला विचारलेला आहे.

ओतीव नकलांचा शोध लावण्याची एक रीत तेव्हापासून मी अधिक कसोशीने पाळू लागलो. एका साच्यातून निघालेल्या दोन नकलांवर मूळ नाण्याचा एकच ओरखडा, त्याच जागी, त्याच तिरकेपणाने उमटतो. दोन शहरांतल्या दोन विक्रेत्यांची दोन छायाचित्रे शेजारी मांडली की पुष्कळदा दोघांचेही आजोबा एकच निघत. अमेरिकेत १९७३च्या कायद्याने नाण्यांच्या नकलेवर ‘कॉपी’ हा शब्द ठसवणे सक्तीचे आहे. तेथून आलेल्या अशा नकलांच्या छायाचित्रात विक्रेत्याचा अंगठा नेमका त्या शब्दावर विसावलेला असे.

अलीकडे या बाजाराने आपली दिशाच फिरवली आहे, आणि मला ती अधिक निर्दय वाटते. आता घेणारा नव्हे, विकणारा नाडला जातो. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच-दहा रुपयांचे चालू नाणे किंवा ७८६ अंकांची नोट लाखांना घेतो अशी जाहिरात येते. नांदेडकडच्या एका भगिनीने मला दूरध्वनी करून विचारले, ‘दादा, रिझर्व्ह बँकेची फी भरली की उद्या पैसे येणार म्हणतात, भरू का?’ त्यांना बँकेच्या चिन्हाचे पत्रही आले होते. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून सांगितले आहे की, जुन्या नोटा आणि नाणी यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काहीही संबंध नाही, ती अशी कोणतीही फी, दलाली वा कर घेत नाही, आणि तसे करण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. मी ते निवेदन त्यांना वाचून दाखवले. सुदैवाने त्यांनी अद्याप काही भरले नव्हते.

ज्यांच्या घरी जुनी नाणी आहेत किंवा ज्यांना ती घेण्याची हौस आहे, त्यांना माझी एवढीच विनंती की, पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडे ग्रॅममधील वजन व मिलिमीटरमधील व्यास लेखी, आणि कडेचे व तिरप्या उजेडातील दोन्ही बाजूंचे छायाचित्र मागावे, व उत्तर टाळले तर तेथेच थांबावे; घरची शिवराई चिंच लावून घासू नये; नाणे विकण्यासाठी कोणी आगाऊ रक्कम मागितली तर देऊ नये, आणि ती दिली गेलीच असेल तर लाजेने गप्प न बसता त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण तक्रार जितकी लवकर होईल तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.